अंबाडीला फुटलेली बोटं

सौदी अरेबियात मी माझ्या बायकोच्या नावावर राहतो.

यात विनोद काही नाही, सरकारी कागदच तसा आहे. सुनंदा जेद्दाच्या एका मोठ्या इस्पितळात सिस्टर. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, खरा तिचा. माझा इकामा तिच्या इकाम्याला मागून लटकलेला, टेम्पोला स्टेपनी लटकते तसा. (गावाकडं मी टेम्पो चालवायचो, त्यामुळं उपमा टेम्पोच्याच येणार. सांभाळून घ्या.) तिची नोकरी गेली की तिचा इकामा खलास, आणि मी काही आगळीक केली तर स्टेपनीसकट अख्खा टेम्पो विमानात!

माझं शिक्षण नववी. नववी पास नव्हे, नववी 'पर्यंत'. विज्ञानाच्या पेपरात 'बी कसे रुजते ते आकृतीसह सांगा' असा प्रश्न होता. मी जीव ओतून आकृती काढली. सरांनी ती सगळ्या वर्गाला दाखवली आणि मला विचारलं, "जाधव, हा उंदीर कुठून आला?" त्या दिवशी मी शाळा सोडली आणि शाळेनंही मला थांबवलं नाही.

अशा माणसाला आज जेद्दाच्या अझीझिया भागात तिसऱ्या मजल्यावर एसीचं घर आहे, कमावती बायको आहे, इंग्रजीतून भांडणारी मुलगी आहे. मी घर सांभाळतो. स्वयंपाक, डबे, शाळेची बस, इस्त्री. उपकारांचं ओझं इतकं वाटतं की मी लिफ्टलासुद्धा 'शुक्रन', म्हणजे धन्यवाद, म्हणतो. आणि भीती इतकी वाटते, की दोन गल्ल्या सोडून पोलिसांची गाडी गेली तरी हात आपोआप खिशातल्या इकाम्याकडं जातो.

तर एका सकाळी सुनंदा ड्युटीवरून आली. मी गरम पोळी आणि फ्लॉवरची भाजी वाढली. अत्यवस्थ पेशंटकडं बघावं तसं तिनं फ्लॉवरकडं बघितलं.

"अहो, अंबाडीची भाजी खाऊन किती वर्षं झाली हो!"

एवढंच बोलली, दोन घास खाल्ले आणि झोपायला गेली. मी मात्र पोळपाटासमोर पुतळ्यासारखा उभा! लग्नाला बारा वर्षं झाली, या बाईनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. (मागून मिळणार नाही याची खात्री असेल, तेही शक्य आहे.) आणि आज मागितलं तर काय? अंबाडी! ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी. ज्वारीचं पीठ कोपऱ्यावरच्या येमेनी दुकानात मिळतं. अंबाडी कुठंच मिळत नाही. मग मी ठरवलं. मिळत नाही ना? पिकवायची!

बी घरातच होतं. सुट्टीहून परतताना सासूबाईंनी जवसाच्या चटणीच्या डब्यात एक पुरचुंडी दडपलेली. मला ती जेद्दात पोचल्यावर सापडली तेव्हा पहिल्यांदा घामच फुटला. सौदीला येताना खसखस आणायची नाही, इथं ती अमली पदार्थात धरतात, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. मी तिथल्या तिथं फोन लावला होता.

"आत्याबाई, ही खसखस तर नाही ना?"

"अंबाडीचं बी हाय जावईबापू. लावा, नाहीतर चिमण्यांना घाला. तुम्हाला तिथं दुसरा धंदा काय हाय?"

हा शेवटचा प्रश्न मला लागला होता. आता उत्तर द्यायची वेळ आली.

माझा बाप शिंपी. आमच्या घराण्यात शेत कुणी बघितलं असेल तर एसटीच्या खिडकीतून. अंबाडी मी जुडीत बघितलेली, ताटात बघितलेली, पण उभी कधीच नाही. तरी हटलो नाही. बिल्डिंगला रंग दिल्यावर उरलेले पेंटचे आठ डबे मिळवले, बुडाला भोकं पाडली, माती आणि बकरीच्या खताची गोणी तीन मजले आणि वर गच्चीपर्यंत खांद्यावरून चढवली. (लिफ्ट त्या दिवशी बंद होती. तरी मी तिला शुक्रन म्हटलं.) बी रात्रभर भिजवून लावलं. पाणी कसलं? तर सगळ्या मजल्यांच्या एसीचं टपकणारं पाणी बादलीत धरून तेच! दुपारच्या उन्हाला जुन्या चादरीचा मांडव. सुनंदाला पत्ता लागू द्यायचा नव्हता. भाजी थेट ताटातच दिसली पाहिजे. कटात फक्त आमची मुग्धा, वय वर्षं नऊ.

"पप्पा, इट्स अ सरप्राइज ना? आय वोंट टेल मम्मी. प्रॉमिस."

चौथ्या दिवशी अंकुर आले. मी त्यांच्याकडं इतका वेळ बघत बसलो की मुग्धा म्हणाली, "पप्पा, दे आर नॉट टीव्ही." मग तिनं वही पुढं केली. "ड्रॉ करके दो ना, सीड कैसे ग्रो होता है." माझी छाती भरून आली. नववीतला हिशोब चुकता करायची संधी! समोर खरा अंकुर ठेवून मी मन लावून आकृती काढली. कशासाठी हवी, हे विचारायचं राहून गेलं.

आता गंमत ऐका. अंबाडीची पहिली पानं गोल. अगदी गरीब, देवभोळी. पंधरा दिवसांनी त्याच झाडावर बदामाच्या आकाराची आली. मग तीन बोटांची. मग पाच! पाचही बोटं लांब, टोकदार, कडेला करवतीसारखे दाते. मला वाटलं, माझ्या मेहनतीनं पानाला हात फुटले! मी खूश. कमरेइतकी झाडं झाली. शनिवारी तोडायची असं ठरलं.

बुधवारी दुपारी देवधर साहेब गच्चीवर आले.

देवधर साहेब खालच्या मजल्यावरचे. नाशिकचे, पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर, कुटुंब गावी. त्यांना सगळं माहीत असतं आणि जे नसतं ते त्यांच्या फोनला असतं. डिश अँटेना हलवायला आले होते. चादरीखाली डोकावले आणि तिथंच खिळले.

"जाधव, हे काय आहे?"

"भाजी आहे साहेब."

"कसली?"

"अंबाडी."

"हं." त्यांनी चष्मा काढला. "सगळे असंच सांगतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"पकडले जातात ते."

माझ्या हातातली बादली हातातच राहिली, पाणी तेवढं पायावर आलं.

"अहो जाधव, मी अंबाडी खाल्लेली आहे. मंडईतली. तिची पानं अशी नसतात. ही पानं मी बघितलीयत, अमेरिकेत पोरांच्या टी-शर्टवर असतात! ही भांग आहे, भांग!"

"पण बी सासूबाईंनी दिलंय!"

"सासूबाईंचे आणि तुमचे संबंध कसे आहेत?"

याचं उत्तर सोपं नव्हतं. ('दुसरा धंदा काय हाय' आठवलं.) तेवढ्यात साहेबांनी फोन पानावर धरला. झाडं ओळखायचं काहीतरी असतं त्यात. फोननं क्षणभर विचार केला आणि इंग्रजीत उत्तर दिलं. साहेबांनी ते वाचलं आणि फोन असा खिशात टाकला, जसा काही तोही आता आरोपी!

"मी सासूबाईंना विचारतो," मी म्हणालो.

"फोनवर? वेडे आहात? फोनवर या विषयाचं अक्षर बोलायचं नाही. फोटो पाठवायचा नाही. फोटो म्हणजे पुरावा."

"मग सुनंदाला विचारतो. तिला लगेच कळेल."

"अजिबात नाही! त्यांना माहीत नाही ना? मग ठेवा तसंच. माहीत असणं हासुद्धा गुन्हा असतो. तुम्ही गेलात तर गेलात, त्यांची नोकरी तरी राहील."

हे मात्र मला पटलं. साहेबांचा हाच गुण: धीर देताना ते माणसाला वजा करून मोकळे होतात.

"थोडं चाखून बघू का? अंबाडी असेल तर आंबट लागेल."

"खाऊ नका!" साहेब ओरडले. "रक्तात सापडतं!"

मी तोंडाजवळ नेलेलं पान असं फेकलं की ते त्यांच्या चपलेवर पडलं. त्यांनी पाय झटकला, झटकला, आणि शेवटी चप्पल तिथंच ठेवून एका पायात चप्पल घालून जिन्याकडं निघाले.

"साहेब, पण करू काय? जाळू?"

"धूर होईल!"

"संडासात टाकू?"

"तुंबेल, आणि प्लंबर साक्षीदार होईल! कापा, काळ्या पिशवीत भरा, लांब कचऱ्यात टाका. आणि जाधव, माझं नाव कुठंही येता कामा नये."

मी कात्री आणली. भाजी चिरायची कात्री, तिनंच कापली. सहा आठवडे मी ज्यांना एसीचं पाणी पाजलं, ती झाडं मी वीतभर खुंट ठेवून एकेक करून उतरवायला लागलो. एकदा वाटलं, तू काय कापतोयस दत्ता, तिची भाजी कापतोयस! पण दुसऱ्या क्षणी डोळ्यांपुढं आली सुनंदा, तिचा पांढरा युनिफॉर्म, तिची बारा-बारा तासांची ड्युटी, आणि मागं लटकलेली ही स्टेपनी. दात खाऊन सगळी कापली.

काळी पिशवी छातीशी धरून, मी चोर आहे असं ज्याला दिसणार नाही तो आंधळा, अशा चालीनं खाली उतरलो. दारातच अम उस्मान, म्हणजे उस्मानकाका! हे आमचे हारिस. सुदानचे, साठीचे, या बिल्डिंगचे वॉचमन, प्लंबर, पोस्टमन आणि न्यायाधीश. मला कधी काही उचलू देत नाहीत.

"हात, या दत्ता, हात!" म्हणजे, अरे दत्ता, आण इकडं.

"ला, ला, अम उस्मान! शुक्रन! मी... आना... कचरा... आना!"

त्यांनी पिशवी धरली. मी धरली. ते प्रेमानं ओढत होते, मी भीतीनं. शेवटी प्रेम जिंकलं, कारण पिशवी फाटली. पाच बोटांचं एक पान बाहेर आलं आणि आम्हा दोघांच्या मध्ये हलत राहिलं, रामराम केल्यासारखं. अम उस्माननी ते बघितलं. मला बघितलं. पिशवीत डोकं घातलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं मी त्यांच्या तोंडावर पगाराच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

"माशाल्ला!" ते म्हणाले आणि पिशवी घेऊन आपल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

संपलं! वॉचमनसुद्धा त्यातलाच निघाला!

मी घरी येऊन पाणी पितोय तोच मुग्धा शाळेतून आली. उड्या मारत.

"पप्पा! माय प्रोजेक्ट गॉट सिलेक्टेड! बोर्ड पे लगाया है, सबके सामने!"

"कुठला प्रोजेक्ट?"

"'हाऊ टु ग्रो अ प्लांट फ्रॉम सीड: फॉर बिगिनर्स!' फुल चार्ट! स्टेप वन, स्टेप टू, सब है. तुम्हारे फोटो भी हैं, बकेट पकडके. अँड आय स्टक अ रिअल लीफ!"

"रिअल... म्हणजे खरं पान?"

"हो ना! द बिग वन. फाइव्ह फिंगर्सवालं!"

मी खाली बसलो. खुर्ची तिथं नव्हती, हे बसल्यावर कळलं. म्हणजे मी इकडं पुरावा नष्ट करत होतो आणि तिकडं माझी लेक माझ्या हसऱ्या फोटोसकट, पायरीपायरीनं, नवशिक्यांसाठी, भरचौकात मार्गदर्शन करत होती! वर मथळ्यात काय लिहिलंस विचारलं, तर म्हणाली, "'माय फादर्स टेरेस फार्म'." पत्ता द्यायचा तेवढा राहिला होता. तोही शाळेकडं होताच.

"अँड पप्पा, टीचर कॉल्ड यू. टुमॉरो. शी वॉन्ट्स टु टॉक अबाउट द प्लांट."

मी खाली देवधर साहेबांकडं धावलो. त्यांनी दार साखळीएवढंच उघडलं.

"कोण जाधव?" ते म्हणाले.

मग मी मन घट्ट केलं. पळायचं नाही. जे होईल ते माझ्या एकट्यावर. त्या संध्याकाळी मुग्धाच्याच वहीचा कागद फाडून निवेदन लिहिलं: 'मी, दत्ता जाधव, शिक्षण नववीपर्यंत, लिहून देतो की हे झाड मी एकट्यानं लावलं. माझ्या बायकोला यातलं काही माहीत नाही. ती फार चांगली सिस्टर आहे, तिला ठेवून घ्या. मुलगी अजाण आहे. सासूबाई म्हाताऱ्या आहेत. आणि खालच्या मजल्यावरचे देवधर साहेब, इंजिनिअर, नाशिकचे, यांचा या प्रकरणाशी अजिबात संबंध नाही.'

एका पिशवीत दोन बनियन, टूथब्रश, बीपीच्या गोळ्या घेतल्या. (तुरुंगात एसी असतो का, हा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगू?) सकाळी सुनंदा ड्युटीवरून आली तेव्हा मी तिच्या ताटात दोन पोळ्या जास्तीच्या ठेवल्या. पुढच्या काही वर्षांच्या म्हणून.

"कुठं निघालात पिशवी घेऊन?"

"शाळेत. टीचरनं बोलावलंय."

"बनियन घेऊन?"

"उकडतंय," मी म्हणालो आणि तिच्याकडं न बघता निघालो.

मुग्धाच्या टीचर हैदराबादच्या, शाहिदा टीचर. ऑफिसात चार्ट टेबलावर पसरून बसलेल्या. त्यांच्यासमोर माझा बादलीवाला फोटो, शेजारी ते पान. वाळून आणखीनच भयंकर दिसत होतं. मी बसलोच नाही. निवेदन दोन्ही हातांनी पुढं केलं.

"ये क्या है?"

"स्टेटमेंट, मॅडम."

"मराठी नक्को भाई, मेरेकू नै आती. बैठो. ये झाड़ आपीच लगाए?"

"मी एकट्यानं. मैंने अकेलेने. बीवी को कुछ मालूम नहीं."

"सच्ची?"

"माँ कसम."

त्यांनी दाराकडं बघितलं. आवाज खाली आणला. पुढं झुकल्या. 

"भाई, ये अपना अंबाड़ाच है ना?"

"क... क्या?"

"अंबाड़ा! अम्मी हमारे बोटी डालके पकाते थे, खट्टा-खट्टा. यहाँ तो खाली बोतल का अचार मिलता. कल चार्ट देखी तो रोना आ गया मेरेकू. थोड़ी भाजी मिलेंगी? नै तो बीज तो बी देव!"

मी रडलो. खरंच रडलो. टीचरना वाटलं मलाही अम्मी आठवली.

"पण मॅडम, भांगेचं पान असं..."

"पान हौला है, एकदम पागल, दिखता वैसाच. इसके फूल आने देना था, भेंडी के फूल जैसा आता. और कुछ नै तो मुँह में डालके देखना था ना, भाई!"

घरी परतताना मी सगळ्या जगाला माफ केलं होतं. आणि मग जिन्याच्या तोंडाशी तो वास आला. लसूण, मटण आणि काहीतरी आंबट. अम उस्मानच्या खोलीचं दार उघडं, आत त्यांचे तीन सुदानी दोस्त गोल बसलेले, मधे भलंमोठं ताट.

"तआल, या दत्ता! कुल, कुल!" त्यांनी घास माझ्या तोंडातच कोंबला. त्यांच्या करकदेच्या लाल, आंबट सरबताचं झाड आणि ही अंबाडी भावंडं, हे त्यांना पान बघताक्षणीच कळलेलं. आंबट! अस्सल आंबट! आता कळून काय उपयोग? सहा आठवड्यांची माझी शेती ताटाच्या तळाशी पोचली होती.

"अम उस्मान! माझी बायको... मदाम... वाहद... थोडंसं!"

एक वाटी निघाली. ती दोन्ही हातांत धरून मी तिसरा मजला गाठला. सुनंदा झोपली नव्हती. माझी वाट बघत होती, दाराकडं तोंड करून.

"काय झालं शाळेत? आणि बनियन का..."

मी वाटी पुढं ठेवली. तिनं वास घेतला. बोट बुडवून चाटलं. डोळे मोठे झाले.

"अंबाडी?"

मग मी सगळं सांगितलं. पुरचुंडीपासून टूथब्रशपर्यंत. देवधर साहेबांची साखळी आली तेव्हा ती हसायला लागली, निवेदन वाचलं तेव्हा तिला सोफ्याचा आधार घ्यावा लागला. पण 'तिला ठेवून घ्या' या ओळीशी ती थांबली. कागदाची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

"अहो, मला नुसतं विचारायचं की."

"माहीत असणं हा गुन्हा आहे."

"दत्ता जाधव," ती म्हणाली, बारा वर्षांत पहिल्यांदा नाव घेऊन, "भाकरी टाका."

मी धावत जाऊन भाकरी टाकली. वाटी तिनं बोटानं पुसून खाल्ली. बायकोसाठी मी पिकवलेली भाजी तिला अखेर अम उस्माननी खाऊ घातली, पण तिनं खाल्ली!

आता गच्चीवर सोळा डबे आहेत. कापलेल्या खुंटांना पंधरा दिवसांत बाजूनं फुटवे आले, आणि पहिल्या लॉटला फुलं येऊन बोंडं वाळेपर्यंत थांबून मी बीसुद्धा धरलं. पहिली जुडी शाहिदा टीचरना. दुसरी अम उस्मानना. देवधर साहेब दर शुक्रवारी येतात आणि जिन्यातूनच हळूच विचारतात, "जाधव, आहे का?" इतक्या हळू, की ऐकणाऱ्याला आत्ता खरा संशय यावा!

सत्रअखेर मुग्धाचा चार्ट घरी आला. 'ए प्लस'! आमच्या घराण्यात विज्ञानात मिळालेली ही पहिली बरी श्रेणी. सुनंदानं तो भिंतीवर लावला. मी जवळ जाऊन, चष्मा लावून, कोपऱ्यातला टीचरचा लाल शाईतला शेरा मुग्धाकडून वाचून घेतला. तिनं वाचला आणि मग माझ्यासाठी हिंदीत करून सांगितला:

"बहुत अच्छा प्रोजेक्ट. बस इतना बताओ, स्टेप टू में ये चूहा क्यों है?"